तराजू आणि मलम

कोर्टात त्यांना सगळे तराजू म्हणत. तोंडावर 'साहेब' आणि पाठ वळली की तराजू. नदीपलीकडची भाषा एका पारड्यात, आपली दुसऱ्यात, आणि मध्ये एका शब्दाचंही इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. आरोपीने शिवी दिली की तराजू तीच शिवी, त्याच वजनाची, शांत चेहऱ्याने न्यायाधीशांकडे बघत देत. एकदा एका साक्षीदाराने वकिलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा तराजूंनी सातही पिढ्या सुखरूप पोचवल्या. टंकलेखिका मध्येच मागे पडली, तर तिच्यासाठी थांबले, आणि ती सावरल्यावर पुढची पिढी घेतली.

घरी या बाण्याचं कौतुक करणारं कोणी नव्हतं. त्यांची बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेत तिला बाई म्हणत, शेजारी बाई म्हणत, आणि संसार मुरल्यावर तराजूही बाईच म्हणू लागले. बाईंचं मत असं, की या माणसाच्या हाती निरोप देण्यापेक्षा समोरच्याच्या खिडकीवर दगड मारावा. काचेचे पैसे दिले की विषय मिटतो. तराजूंच्या मामेबहिणीने एकदा फोनवर सहज म्हटलं होतं, की वहिनीने दिलेल्या पडद्याचं मी पायपुसणं केलं. तराजूंनी ते संध्याकाळी चहाबरोबर जसंच्या तसं आणून बाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्या मामेनणंदेशी बाई अजून बोलत नव्हत्या.

अशा घरातल्या एकुलत्या एक लेकीने नदीपलीकडचा मुलगा पसंत केला. दोघं एकाच ऑफिसात होती आणि आपसात ऑफिसची तिसरीच भाषा बोलत, जी दोघांनाही अर्धीमुर्धीच येत होती. प्रेम जमायला तेच कारणीभूत झालं असावं, असं बाईंना वाटे. बापाला पलीकडची भाषा पाणी प्यावं तशी येत असून लेकीला तिचं ओ की ठो कळत नव्हतं, कारण लहानपणी तिने शिकायला घेतली तेव्हा तराजूंनी पहिल्याच वाक्यात इतक्या चुका काढल्या, की तिने दुसरं वाक्य उच्चारलंच नाही. मुलाचंही तसंच. त्याला आपली भाषा येत नव्हती, आणि त्याच्या आईवडिलांना त्यांच्या भाषेपलीकडे काही येत नव्हतं.

तर मुलाकडची मंडळी रविवारी दुपारी घरी यायची ठरली. लेकीचा निश्चय पक्का होता, पण दोन्ही आयांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय लग्न करायचं नाही, असं ती दोघं एकमेकांशी बोलून बसली होती. त्यामुळे सगळं त्या दुपारवर होतं.

दुभाषी घरचाच, असं बाई धरून चालल्या होत्या. तराजूंनी कप बशीत ठेवला.

"मला बसता येणार नाही. नात्यातल्या प्रकरणात दुभाष्याने बसायचं नसतं."

"प्रकरण? तुमच्या लेकीचं लग्न आहे ते."

"म्हणूनच."

बाईंनी बरंच काही सुनावलं. पोरांनीच तिसऱ्या भाषेतून एकमेकांच्या आईबापांना सांगावं असं लेकीने सुचवलं, पण ते बाईंनीच उडवून लावलं. परीक्षेला बसलेल्यांनी पेपर तपासायचा नसतो. मग गावात ही भाषा जाणणारा दुसरा एकच दुभाषी उरत होता, आणि त्याचं नाव काढताच तराजूंच्या कपाळाची शीर उडाली.

त्याला मलम म्हणत. तो तडजोडीच्या कोर्टात असायचा, जिथे नवराबायको सुटं व्हायला येतात. बायको म्हणे, याचं थोबाडही बघायचं नाही मला. मलम सांगे, त्यांना थोडी विश्रांती हवी आहे. नवरा म्हणे, हिच्या आईने माझं घर जाळलं. मलम सांगे, सासूबाईंच्या मायेची ऊब यांना जरा जास्त झाली. जोडपी हात धरून घरी जात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत. मलम तिथेच असायचा. जखम व्हायच्या आधीच हा मलम लावतो, असं कोर्टाचा शिपाई म्हणे. माणूस गोल, हसरा, कुणालाही नाही न म्हणणारा. तराजूंनी विचारताच "अहो, आपल्या घरचं कार्य" म्हणून तो आनंदाने तयार झाला.

"बाबा, तुम्ही मध्ये बोलणार नाही ना?" लेकीने शनिवारी विचारलं.

तराजूंना राग आला. पक्षकार दुभाष्याला मध्ये तोडत नाही, हा नियम त्यांनी स्वतः एका व्यापाऱ्याला भर कोर्टात शिकवला होता. व्यापाऱ्याला पलीकडची भाषा थोडी येत असे आणि तो दर वाक्याला चुकचुकत असे. तराजूंनी न्यायाधीशांना विचारलं होतं, की दुभाषी मी आहे की हे? तेव्हापासून तो व्यापारी कोर्टाच्या रस्त्याने जाताना दिसत नसे. असा माणूस स्वतः मध्ये बोलेल? लेकीला हायसं वाटलं. बापाचा नियम आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या उपयोगी पडत होता.

रविवारी बाईंनी केक भाजायला ठेवला आणि चाचणीचे पेपर तपासायला घेतले. सहावीच्या वर्गाने अपूर्णांकांची जी दुर्दशा केली होती, तिच्यात त्या इतक्या गुंतल्या की धूर निघाल्यावरच उठल्या. तळ काळा झाला होता. वरून साय फेटून लावली आणि तळाचं तळाला ठेवलं.

पाहुणे आले. मुलाची आई मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होती आणि निवृत्त झाली तरी ते पद तिच्या मानेतून उतरलं नव्हतं. आत येताच तिने खोलीकडे वॉर्डाकडे बघावं तसं बघितलं, आणि बसण्याआधी खिडकीच्या कठड्यावरून एक बोट फिरवलं. बोटाकडे बघून काही बोलली नाही, म्हणजे पास. मुलाचे वडील नदीवर माणसं आणि मोटारी वाहणारी बोट चालवत. आयुष्यभर इंजिनाशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नसणार, अशा बेताने ते बोलत. मुलगा मागे, फुलं घेऊन. त्याच्या शर्टाच्या खिशावर शाईचा डाग होता, चांगला तळहाताएवढा.

मलम दोन विहिणींच्या मध्ये बसला आणि त्याने मांडीवर रुमाल पसरला. तराजू शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्चीवर, जरा बाजूला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

परिचारिकाबाईंनी केकचा पहिला घास घेतला. "तळ करपलाय. कडा बऱ्या आहेत."

मलम बाईंकडे वळला. म्हणाला, की इतका खमंग केक आपण जन्मात खाल्ला नाही, असं विहीणबाई म्हणतात.

बाईंचं हसू जरा आखडलं. केक कसा झालाय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मग बाईंनी मुलाकडे बोट करून विचारलं, की हा डाग आजचा आहे की जुना? आणि हा आपले कपडे आपण धुतो की अजून आई धुते? मलमने परिचारिकाबाईंना सांगितलं, की मुलाचा टापटीपपणा बाईंच्या डोळ्यांत भरलाय. परिचारिकाबाईंनी मुलाच्या खिशाकडे बघितलं. मग त्यांनी बाईंच्या डोळ्यांकडे बघितलं, जरा काळजीनेच.

"मुलीला पोहता येतं का?" बोटवाले व्याही ओरडले.

मलमला हा प्रश्न रुक्ष वाटला असावा. व्याही विचारतात, मुलीला छंद कोणते, असं त्याने सांगितलं. लेक म्हणाली, वाचन, आणि कधीमधी सिनेमा. "येतं थोडंफार," मलमने व्याह्यांच्या कानात सांगितलं. व्याह्यांनी समाधानाने मान हलवली.

तराजूंची खुर्ची करकरली. शब्द मऊ करणं एक, पण एका मुलीला बसल्या जागी पोहायला लावणं म्हणजे कमाल झाली. त्यांच्या डोक्यात प्रत्येक वाक्याचं खरं भाषांतर आपोआप तयार होत होतं आणि बाहेर पडायला जागा नसल्यामुळे आतच साठत होतं. हात मांड्यांखाली बधिर झाले होते. पोरं मात्र खुशीत होती. लेकीला फक्त गोड बोलणी ऐकू येत होती, मुलालाही तेवढीच, आणि आपली आई सोडून बाकी सगळं सुरळीत चाललंय असं दोघांनाही वाटत होतं.

असं बराच वेळ चाललं. बाई टोचत होत्या, परिचारिकाबाई टोचत होत्या, आणि मधल्या माणसातून साखर गळत होती. साखर जसजशी वाढली तसतशी दोघी गप्प होत गेल्या.

मग परिचारिकाबाईंनी बशी बाजूला सारली, हात पुसले आणि सरळ बाईंकडे बघून बोलल्या.

"एक गोष्ट आधी सांगते. माझ्या मुलाला लहानपणी फिट्स यायच्या. शाळा संपायच्या आत थांबल्या, औषधही बंद झालं, पुन्हा कधी आली नाही. पण येणारच नाही असं मी लिहून देणार नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्यांना खरं सांगत आले, तेव्हा माझ्या घरचं लपवणार नाही. तुमच्या मुलीला त्याने सांगितलंय. तुम्हालाही कळायला हवं. काय विचारायचं ते विचारा."

मलमने पाण्याचा घोट घेतला. वजन त्यालाही कळलं होतं. क्षणभर त्याने तराजूंकडे बघितलं, आणि तराजूंना वाटलं, सांगेल. पण सवय माणसापेक्षा जुनी असते.

"मुलगा लहानपणी जरा नाजूक होता म्हणतात," मलम म्हणाला. "आता अगदी ठणठणीत."

"लहानपणी सगळीच नाजूक," बाई म्हणाल्या. "आमची तर बारा महिने शिंकायची."

ते मलमने असं पोचवलं, की बाईंना त्याचं काहीच वाटत नाही.

परिचारिकाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. कुजबुजल्या म्हणावं, तर व्याह्यांना ऐकू जाईल इतकी कुजबुज साऱ्या मजल्याला ऐकू गेली असती. "ऊठ. एवढं सांगितलं तरी एक प्रश्न नाही. आई असून एक प्रश्न नाही. यांना मुलगी कशीबशी उजवून टाकायची आहे. तिच्यातच काहीतरी असणार."

त्याच वेळी बाई तराजूंकडे झुकल्या. "मला हे लोक नकोत. इतकी वर्षं पेपर तपासतेय. सगळी उत्तरं एकाच वळणाची आली, की कुणीतरी कुणाचं तरी बघून लिहिलंय हे कळतं मला. करपलेल्या केकला खमंग म्हणतात. असं खोटं बोलणाऱ्यांच्या घरात लेक देऊ?"

मलमने दोन्हीकडे बघितलं आणि दोन्हीकडे सांगितलं, की निघवत नाहीये, पण उशीर होतोय. परिचारिकाबाई पिशवी शोधत होत्या. बाई दाराची कडी काढायला उठल्या होत्या. मुलगा हातातली बशी कुठे ठेवावी हे न कळून उभा होता. काहीतरी मोडलंय हे लेकीला दिसत होतं, पण काय मोडलं ते तिच्या भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं. ती बापाकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली.

तराजू उभे राहिले. हातांना मुंग्या आल्या होत्या, ते त्यांनी झटकले, आणि कोटाचं बटण लावलं.

"हरकत आहे," ते म्हणाले. आधी आपल्या भाषेत, मग पलीकडच्या.

मलम उडालाच. "अहो साहेब, पक्षकाराला मध्ये बोलता येत नाही. तुमचाच नियम."

"मध्ये नाही बोलत. कामकाज संपलंय, पाहुणे उठलेत. आता बोलतोय." ते बाईंकडे वळले, कारण खोलीत न्यायाधीश म्हणता येईल असं दुसरं कोणी नव्हतं. "झालेलं बोलणं पुन्हा वाचायची परवानगी असावी."

"कुठे आहे लिहिलेलं?" बाईंनी विचारलं.

"आहे," तराजू म्हणाले, आणि सुरुवात केली.

केकपासून सुरुवात केली. कोर्टातल्याच त्या सपाट, इस्त्री केलेल्या आवाजात, प्रत्येक वाक्य जसं बोललं गेलं तसं. बाईंचं परिचारिकाबाईंना, परिचारिकाबाईंचं बाईंना. तळ करपलाय, कडा बऱ्या आहेत. डाग आजचा की जुना. खिडक्या पुसता तर पडदे का धूत नाही. मुलगा आल्यापासून तीनदा घड्याळ का बघतो, ट्रेन पकडायची आहे की बायको? मुलगी भाकरीच्या तुकड्याएवढीच दिसते, जेवते की नुसती वाचते? दोन्ही पोरांना प्रथमच आपापल्या आईची जीभ दुसऱ्याच्या भाषेत मोकळी फिरताना दिसली. लेकीने डोळे मिटून घेतले.

फिट्सचं सांगताना तराजूंचा आवाज बदलला नाही. बदलू न देण्याचे कष्ट मात्र फक्त मलमला दिसले. शेवटी त्यांनी उठतानाची दोन्ही बोलणीही सांगितली. 'उजवून टाकायची' आणि 'खोटं बोलणारे', दोन्ही.

मग बाई कडीवरचा हात काढून परत आल्या आणि परिचारिकाबाईंच्या समोर बसल्या. शेवटची फिट नेमकी कधी आली होती, त्यांनी विचारलं. औषध डॉक्टरांनी थांबवलं की तुम्ही? हा गाडी चालवतो का? एकटा असताना आली तर काय करायचं? तराजू सांगत गेले. परिचारिकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. एकेका प्रश्नाबरोबर त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी सैल होत होतं.

"एवढे प्रश्न होते," त्या म्हणाल्या, "तर दडवून कशाला ठेवले?"

"दडवले नव्हते. माझ्यापर्यंत पेपरच पोचला नव्हता," बाई म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "आणि तुला माहीत होतं?"

"त्याने दुसऱ्याच भेटीत सांगितलं," लेक म्हणाली. "फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. मला येतं ते."

परिचारिकाबाईंनी ते तराजूंकडून ऐकलं आणि लेकीकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं बघितलं. एवढ्या दुपारभरात भाकरीच्या तुकड्याचं वजन बरंच वाढलं होतं.

"केक करपलाच आहे," बाई एकदम म्हणाल्या. "मला वेड लागायची पाळी आली होती. कुणीतरी एकदाचं म्हणालं."

"सुरी द्या," परिचारिकाबाई म्हणाल्या. त्यांनी केक उलटा केला आणि जुनी पट्टी सोडवावी तशा हलक्या हाताने काळा थर खरवडून काढला. आत चांगला होता. खाता खाता दोघींनी शर्टाचा विषय पुन्हा घेतला. कपडे आजवर आईच धुते, हे परिचारिकाबाईंनी कबूल केलं, आणि उद्यापासून धुणार नाही, हेही तिथल्या तिथे जाहीर केलं. मुलाला ते आपल्या भाषेत कळलं आणि बाईंच्या चेहऱ्यावरून पुन्हा एकदा कळलं. दोघी इतक्या वेगाने एकमेकींच्या घरातल्या चुका काढू लागल्या, की तराजूंना पाणी प्यायलाही फुरसत मिळेना. भांडतायत की रमल्यात, हे कळायला मलमला थोडा वेळ लागला. त्याच्या कोर्टात दुसरा प्रकार फारसा येत नसे.

"म्हणजे पोरीला पोहता येत नाही?" बोटवाले व्याही मध्येच ओरडले. ते अजून तिथेच होते.

नाही येत, तराजूंनी सांगितलं. अजिबात.

व्याह्यांनी विचार केला. "मग लग्न उन्हाळ्यानंतर. आधी पोहणं. मी शिकवतो."

अशी तारीख ठरली. मनापासून हो म्हणा, असं कुणाला सांगावं लागलं नाही.

मलम कोपऱ्यात केकचा तिसरा तुकडा खात होता. त्याला वाईट वाटलं असेल म्हणून तराजू त्याच्याजवळ गेले, पण तो काही फार हिरमुसला नव्हता.

"माझं चुकलं, साहेब. ते आजाराचं गाळायला नको होतं," तो म्हणाला. "बाकीच्याचं मला फारसं वाटत नाही. तुम्ही कधीच काही गाळलं नाहीत?"

"नाही," तराजू म्हणाले.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"कठीण आहे," मलम म्हणाला आणि बोटाला लागलेली साय पुसली.

संध्याकाळी पाहुणे निघाले. पोरं फुलांचा कागद आवरायच्या निमित्ताने आतच रेंगाळली. मलम आणि बोटवाले जिना उतरायला लागले होते. परिचारिकाबाई दारात थांबल्या. बाईंचा हात हातात घेऊन, पण तराजूंकडे बघत बोलल्या.

"तुमची बायको लाखात एक आहे. हिच्याशी माझं जमेल. तुम्ही मात्र, राग मानू नका, नुसता कोरडा पाव आहात. ही बाई तुमच्याबरोबर इतकी वर्षं कशी हसतमुख राहिली, हे मला कळत नाही."

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

तराजूंनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, सबंध, तोलून मापून. दिवसभर करपलेल्या केकाशी झुंजलेल्या बाई दारात उभ्या होत्या, कपाळावर पिठाचा फराटा होता, आणि त्या खरोखरच हसत होत्या.

"म्हणतायत, तू लाखात एक आहेस," तराजू म्हणाले. "तुझ्याशी जमेल."

"आणि पुढचं? बरंच बोलल्या की."

"एवढंच."

पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिणाऱ्या मुलीकडे बघावं, तसं बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग गुण देऊन टाकले आणि विहिणीला जिन्यापर्यंत सोडायला गेल्या.

खालच्या वळणावर मलम कठडा धरून उभा होता. त्याला दोन्ही भाषा येत होत्या आणि त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने वर बघून टोपी जराशी उचलली. हरकत घेतली नाही.